मैनेच्या हिशेबात मी नव्हते

पागेच्या फाटकातून बाहेर पडलं की साधारण ऐंशी पावलांवर वाट डावीकडे वळते. वळणावर मोडकं कुंपण आहे आणि कुंपणाला टेकून ठेवलेलं एक गंजकं पिंप. या पिंपापर्यंत मैना घोडी शहाण्या मुलीसारखी चालायची. पिंप आलं की मान ताठ, कान टोकदार, आणि माझ्या मांड्यांखाली काहीतरी आवळत गेल्याचं कळायचं, ओला दोर पिळावा तसं. मग ती थांबायची. टाच लावली तर मागे सरकायची. पुन्हा लावली तर जागच्या जागी गर्रकन फिरून पागेकडे तोंड. तरीही मी हट्ट धरला की पुढचे पाय जमीन सोडायचे.

दोन महिने ते पिंप माझ्या स्वप्नात येत होतं.

पिंपाचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मी एकदा ते तिथून हलवूनही घेतलं. मैना बरोब्बर त्याच जागी थांबली, जिथे आता पिंप नव्हतं. कारण तिथून एक पाऊल पुढे टाकलं की वळणाआड पागा दिसेनाशी होते. आणि पागा म्हणजे काका.

काका हे घोड्याचं नाव नाही, हुद्दा आहे. बावीस वर्षांचा, करड्या रंगाचा, निवृत्त हेडमास्तरसारखा चालणारा. नाव त्याला काहीतरी भारदस्त होतं म्हणे, पण ते आता कोणालाच आठवत नाही. मैना त्याच्या शेजारच्या ठाणात बांधलेली असायची, त्याच्याबरोबर चरायची आणि माशा वारायला त्याची शेपूट वापरायची. म्हणजे दोघं शेपटीकडे तोंड करून उभे, एकमेकांच्या तोंडावरच्या माशा उडवत. दुपारभर असे उभे राहू शकतात.

सुरुवातीला तिच्या अडण्याचा पत्ताही लागला नव्हता. आम्ही तिघी मैत्रिणींनी एकदमच घोडेस्वारी शिकायला घेतली. चाळिशी ओलांडल्यावर माणसाच्या अंगात येतं तशातलंच काहीतरी. पुढे काका, मध्ये मैनेवर मी, मागे एक पांढरा घोडा. तीन महिने आम्ही वळणं काय, ओढे काय, सगळं पालथं घातलं आणि स्वतःला स्वार समजू लागलो. खरं तर काका फिरायला जायचा, बाकीचे दोघे त्याच्या मागे जायचे, आणि आम्ही तिघी त्यांच्यावरचं सामान होतो. मग एकीचा गुडघा बोलू लागला, दुसरीचा उत्साह बोलेनासा झाला. पांढरा घोडा दुसऱ्या पागेत गेला. काकाला रोज काम देणं बरं नव्हे असं ठरलं. उरले मी, आणि माझ्याबरोबर मैना. कळपातून उरलेल्या दोघी. पण तेव्हा मला हे असं सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त राग येत होता.

पागेतले मोतद्दार, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "ताई, तिला सोबत लागते."

"मी आहे की सोबतीला," मी म्हटलं.

मामा नाल तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "तुम्ही पाठीवर असता."

मला वाटलं, मामांना नीट ऐकू आलं नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. घोड्यांच्या आसपास वावरणाऱ्या प्रत्येकाकडे एक तरी सल्ला असतो आणि तो सहसा हिंस्र असतो. खाली उतरलात की ती जिंकली. एकदा सणसणीत फटका द्या, विषय संपेल. जहाल लगाम घाला. तिला कळू द्या मालक कोण ते. मैनेला एक शब्दही मिळाला, अडेलतट्टू. हा शब्द आपण बहुतेक माणसांसाठीच वापरतो, त्यामुळे त्यात एक खरंखुरं तट्टू आहे याचा विसर पडलेला असतो. तो शब्द तट्टावर बसलेल्या कोणीतरी घडवला असणार. तट्टू का अडलं ते त्या शब्दात कुठेच नाही. बसलेल्याचा खोळंबा तेवढा आहे.

मी फटका देऊन पाहिला. चांगलं वाटावं म्हणून लपवत नाही. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे शोधायचं सोडून मी हातात छडी घेतली. पिंपापाशी ती थांबली, मी टाच मारली, छडी मारली, ती मागच्या पायांवर उभी राहिली. अशा वेळी पुढे झुकायचं असतं, आयाळीला धरायचं असतं आणि लगाम सैल सोडायचा असतो. लगाम ओढला तर घोडा तोल जाऊन स्वारासकट मागे पडू शकतो. हे सगळं मला शिकवलेलं होतं. मी लगाम ओढला. नशीब एवढंच की तोल तिचा गेला नाही, माझा गेला. मी घसरले, कुंपणाजवळच्या गवतात पडले, डोक्यावर शिरस्त्राण होतं म्हणून फक्त कोपर सोललं. मैना पागेकडे चौखूर.

ऐंशी पावलं मी पायी चालत गेले, तोंडात माती आणि डोक्यात भाषण. आता हिला दाखवतेच, असं काहीसं. ठाणात पोचले तर मैना काकाच्या कुशीला नाक लावून उभी होती. रिकिबी लोंबकळत होत्या. घाम मानेवरून खाली गळत होता, आणि पुढच्या पायांचं, खांद्याजवळचं मांस सुटं थरथरत होतं. थंडी वाजल्यावर आपला जबडा वाजतो तसं, तिच्या ताब्यात नसलेलं. घोड्याची नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या बाजूला लागते. तिथे दोन बोटं ठेवली. निवांत असलेल्या घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला २८ ते ४४ ठोके पडतात. इथे मला ठोके मोजताच येईनात. बोटांखाली एक सलग फडफड होती.

काका वैरण चघळत होता. त्याने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चघळायला लागला.

जिंकलेला प्राणी असा दिसत नाही. एवढं त्या दिवशी मला कळलं, बाकी काही कळलं नाही. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, असं झेनोफन नावाचा एक ग्रीक सेनानी सुमारे २४०० वर्षांपूर्वी सांगून गेला आहे. म्हणजे माझ्या आधी बऱ्याच जणांचं कोपर सोललेलं असणार.

पुढची पायरी कंटाळवाणी पण आवश्यक. दुखणं तर नाही ना, हे आधी बघून घ्यायचं. पशुवैद्यांनी पाठ दाबून पाहिली, दात पाहिले, खूर पाहिले, वैरणीच्या वेळा विचारल्या. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो, कारण तो दिवसातले पंधरा-सोळा तास चरण्यासाठी घडलेला प्राणी आहे. दोन वेळा भरपेट घालून मध्ये उपाशी ठेवला की पोटात जखमा होतात आणि मग स्वभाव बिघडला असं आपण म्हणतो. मैनेचं पोट ठीक होतं. खोगीर मात्र डाव्या बाजूला रुतत होतं. ते बदललं. त्यानंतर पट्टा आवळताना चावायला धावणं थांबलं. पिंप जिथल्या तिथे राहिलं.

मग मी पुष्कळ वाचलं, आणि त्याहून जास्त वेळ पागेच्या कठड्यावर बसून नुसतं पाहिलं. दुपारी मैना कधीकधी आडवी व्हायची. घोडा उभ्यानेच झोपतो असं आपण ऐकलेलं असतं आणि ते निम्मं खरं आहे. पायांच्या सांध्यांना जणू कडी लावून तो उभ्याने डुलक्या काढतो, पण खोल, स्वप्नांची झोप आडवं झाल्याशिवाय लागत नाही. आणि आडवा झालेला घोडा म्हणजे कोणाच्या तरी तोंडचा घास. उठायला, पळायला त्याला वेळ लागतो. म्हणून एक झोपतो तेव्हा दुसरा उभा राहतो. मैना मान टाकून, पाय पसरून, ओठ सैल सोडून घोरत पडलेली असायची, आणि काका तिच्या डोक्याशी उभा. कधी काका पडायचा, मग ती उभी.

हे पाहिल्यावर मामांचं वाक्य मला कळलं. घोड्याला एकटं म्हणजे काय? माझी झोप राखायला दुसरं कोणी नसणं. झुडपात काही हललं तर माझ्याबरोबर तेच पाहणारी दुसरी डोळ्यांची जोडी नसणं. मैनेला मान न वळवता जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. थोडीशी जागा सुटते, ती कपाळासमोर आणि थेट मागे. मान सरळ ठेवून चालताना पाठीवरचं माणूस तिला धड दिसतही नाही. लागतं फक्त. पन्नास-साठ किलो वजन, दोन टाचा, तोंडातलं लोखंड. हे वजन तिच्यासाठी पहारा देत नाही. उलट जिथे पहारा नाही तिकडे ते तिला ढकलतं. मी तीन महिने तिच्या पाठीवर होते आणि तिच्या हिशेबात मी सोबत नव्हते. खरं सांगायचं तर मला ते लागलं. घोड्यावर प्रेम करणाऱ्या माणसाला आपण घोड्याला सामान वाटतो हे ऐकायला आवडत नाही.

आणि सामान तरी कसलं? घाबरलेलं. स्वीडनमध्ये काही संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. माणसं घोड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेत होती, काही धरून, काही बसून. चार फेऱ्या. चौथ्या फेरीआधी माणसांना सांगितलं, या वेळी तुम्ही जवळून जाल तेव्हा छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं त्या घोड्यांचेही वाढले. मी रोज पिंपाकडे जाताना मनात छत्री उघडत होते. पन्नासाव्या पावलापासून माझे गुडघे आवळायचे, श्वास वर अडकायचा. तिला वाटत असणार, बघा, हिलाही कळलंय पुढे काहीतरी आहे.

मामांनी काढलेला उपाय ऐकून मी हिरमुसले. "पंधरा दिवस बसू नका. चाला."

म्हणून मी चालले. लांब दोर हातात, मैना खांद्याशी. पायी असताना मी तिला दिसत होते, हा मोठाच फरक होता. आणि ती मला दिसत होती, हा त्याहून मोठा. पाठीवरून मला जे अचानक वाटायचं ते अचानक नव्हतंच. पिंपाच्या बारा पावलं आधी तिचा डावा कान फिरायचा थांबतो. आठ पावलांवर तोंडातली चावाचाव बंद. पाचवर नाकपुडी रुंद होऊन श्वास धरलेला. मान ताठ होते ती सगळ्यांत शेवटी, आणि मी दोन महिने ती मान ताठ होण्यालाच सुरुवात समजत होते. ती बिचारी बारा पावलं आधीपासून सांगत होती. मग ओरडून सांगायची, मग मी म्हणायचे, काही कारण नसताना अंगावर आली.

म्हणून पिंपाच्या तेरा पावलं आधीच थांबायचं. कान अजून फिरतोय तोवर. मान जिथे पाठीला मिळते, आयाळ संपते, तिथे बोटांनी खाजवायचं. घोडे एकमेकांना दातांनी तिथेच खाजवतात. माणसाने तिथे खाजवलं तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ मध्ये मोजून दाखवलेलं आहे. मैनेचा वरचा ओठ लांब होऊन हलायला लागायचा, हत्तीच्या सोंडेची नक्कल करावी तसा. तो हलला की परत फिरायचं. तिने फिरवायच्या आधी मी फिरवायचं.

इथे त्या "उतरलात की ती जिंकली" वाल्यांचंही थोडं खरं आहे, ते मान्य करायला हवं. घोडा दाबातून शिकत नाही, दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणातून शिकतो. ती उभी राहिली आणि मी घाबरून घराकडे वळवलं, तर ती शिकते की उभं राहिलं की घर मिळतं. मी तिला हे आठवड्यातून चारदा पद्धतशीर शिकवत होते. चूक फक्त एवढीच, की त्यांना यात कुस्ती दिसते. मैनेने जिंकायचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. तिला काकाकडे जायचं होतं.

नवव्या दिवशी आम्ही पायी पिंपापलीकडे गेलो. पागा दिसेनाशी झाली. तिने मान उंचावून हाक मारली. खिंकाळणं लांबून ऐकायला रुबाबदार वाटतं. खांद्याला खांदा लावून उभं असताना तिचं सगळं पोट त्या आवाजाबरोबर थरथरलं आणि माझ्या दंडाला ते लागलं. वळणाआडून काकाचं उत्तर आलं, आळसावलेलं, आहे गं बाई, अशा सुरात. मैनेने श्वास सोडला, नाकातून फर्रर्र करून, आणि पायाजवळचं गवत उपटलं. मी तिला तिथेच चरू दिलं. विश्रांती पलीकडे आणि काम अलीकडे, हा मामांचा दुसरा नियम. पागेत परतल्यावर लगेच खोगीर काढून वैरण द्यायची नाही, काकाच्या देखतच दहा मिनिटं गोल फिरवायचं, दुडकी, थांब, मागे सर. वळणापलीकडे मात्र नुसतं उभं राहायचं, चरायचं, खाजवून घ्यायचं. पलीकडची जागा सुखाची वाटायला हवी. काकापासून तोडण्यावर मामांचा भर नव्हता.

मग पुन्हा मांड टाकली. आधी मामा काकावर आणि मी मैनेवर, बरोबरीने. मग काका मागे. मग काका पुढे निघून वळणाआड जाणार आणि मिनिटभराने परत दिसणार. मग दोन मिनिटांनी. जाणारा परत येतो, हे तिला पुन्हा पुन्हा दाखवायचं. शेवटी काका पागेतच.

माझ्या श्वासासाठी मामांनी सांगितलं, काहीतरी बोलत राहा, बोलायला श्वास सोडावाच लागतो. घोडीशी काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी पाढे म्हणायला लागले. ते आपसूक एकोणतीसच्या पाढ्यावर आलं, कारण तो मला कधीच धड येत नव्हता आणि त्यात भीतीला जागा उरत नाही. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी म्हणत आम्ही पिंप ओलांडलं. एका कानाने ती वळणाकडे लक्ष ठेवून होती. दुसरा मागे, माझ्याकडे. माझ्या पाढ्यांना इतका लक्ष देणारा श्रोता मला शाळेतही मिळाला नव्हता.

हे वाचताना सगळं सरळ चढत गेलं असं वाटेल. तसं नाही. मध्ये मी आजारी पडले, तीन आठवडे गेले नाही, आणि परतल्यावर ती चाळीस पावलांवर अडली. एकदा वाऱ्याने प्लास्टिकचा कागद आडवा आला, ती बुजली आणि मला घेऊन थेट ठाणापर्यंत धावली. एका लगामाने हळूहळू वळवत मोठं वर्तुळ घ्यायचं असतं, ते मला अर्ध्या वाटेत आठवलं. आजही जोराचा वारा असेल तर मी खाली उतरते आणि पिंपाजवळून पायी जाते. पाहणारे हसतात. हसू देत.

पण गेल्या महिन्यापासून आम्ही दोघीच ओढ्यापर्यंत जातो. ती वळणावर एकदाच हाक मारते, सवयीने मारावी तशी, उत्तराची वाट न पाहता.

आणि यातून एक नवीनच प्रकरण निघालं, ज्याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. मामांनी सांगितलं, आम्ही निघालो की काका वैरण सोडतो. कठड्याला छाती लावून उभा राहतो, फेऱ्या मारतो, परत येईपर्यंत खिंकाळत राहतो. बावीस वर्षं तो पुढे चालत आला. निघून जाणारा नेहमी तोच असायचा. मागे राहणं त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

म्हणून हल्ली दोन दिवसांआड मामा मैनेला घेऊन जातात आणि मी काकापाशी थांबते. आज सकाळी दोघं वळणाआड गेली तशी त्याने मान वर केली आणि हाक मारली. पलीकडून काही आलं नाही. पुन्हा मारली. मी त्याच्या आयाळीच्या टोकाशी बोटं घातली, जबड्याखाली दुसरा हात ठेवला, आणि मोजायला लागले. बावन्न. त्याने कान माझ्याकडे केला नाही, वळणाकडेच ठेवला. मी एकोणतीसपासून सुरुवात केली.